आठ जणींचा दोर

चिंचवड, ५ नोव्हेंबर २०२४

तेजल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, म्हणून कामाचं आधी लिहिते.

जानेवारीच्या शेवटी भोसरीला राज्य पातळीवरच्या औद्योगिक कामगार क्रीडा स्पर्धा आहेत. यंदा पहिल्यांदाच त्यात महिलांची रस्सीखेच ठेवली आहे. चाकणच्या एका कंपनीतल्या मुलींचा संघ मी तयार करते आहे. तुमच्या चॅनेलने एक माणूस आणि एक कॅमेरा पाठवावा, एवढीच विनंती. तो माणूस म्हणजे तूच असायला हवीस असं नाही. कोणीही चालेल. फक्त त्याला खेळ बघता आला पाहिजे.

घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते. फोन तू उचलत नाहीस. ठीक आहे. मीही सारखा केलेला नाही.

तू पुण्याच्या पेपरात होतीस तेव्हा तुझ्या संपादकांना मी जे पत्र लिहिलं, त्यातलं एकही वाक्य मागे घेण्यासाठी हे पत्र नाही. तुमचं क्रीडा पान मी महिनाभर नीट वाचलं होतं. एका क्रिकेटपटूच्या कुत्र्याला दोन रकाने आणि कामगार कबड्डीच्या अंतिम सामन्याला एक ओळही नाही, असं मी लिहिलं. ते खरं होतं. संपादकांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि सगळे तुझ्याकडे वळून हसले, यात माझा काय दोष? तू दिल्लीला निघून गेलीस. असो.

शेखर आठवतो का? माझ्या शाळेतला, लांब उडी मारताना हटकून रेषेवर पाय देणारा. आता तो या कंपनीत कर्मचारी विभागाचा अधिकारी आहे. मार्चमध्ये महिला दिनाला त्याने मला बोलावलं. "बाई, बायकांचे थोडे खेळ घ्या. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, शेवटी दोर ओढायचा. गंमत म्हणून." मी गेले. निवृत्त पी.टी. शिक्षिकेला शिट्टी वाजवायला बोलावलं की ती नाही म्हणत नाही.

दोर ओढताना सात जणी हसत होत्या. आठवी सगळ्यांच्या मागे होती. कोणी न सांगता तिने दोर काखेतून घेऊन पाठीवरून आणला आणि टाचा मातीत रोवल्या. समोरच्या आठही जणी तिच्या दिशेने घसरत आल्या. मी शिट्टी वाजवायची विसरले.

"हे कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"कुठं न्हाई, बाई. आमची म्हैस विहिरीत पडली व्हती. तिला अशीच वढली."

तिचं नाव कस्तुरा. परभणीकडची. गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर उभ्याने काम करते, निघोज्याला चार मुलींबरोबर खोली घेऊन राहते. दोराच्या शेवटी उभं राहणाऱ्या खेळाडूला अँकर म्हणतात. पंचवीस वर्षं मी शाळेत मुली घडवल्या, पण असा अँकर मला मिळाला नव्हता.

तारीख नक्की झाली की कळवते. उत्तर ऑफिसच्या पद्धतीने दिलंस तरी चालेल.

आई


चिंचवड, २४ नोव्हेंबर २०२४

तेजल,

तुझा मेसेज मिळाला. चष्मा लावून दोनदा वाचला. "स्टोरीला चेहरा लागतो. यात स्टार कोण आहे? तिचा स्ट्रगल काय?"

स्टार कोणी नाही. या खेळात असूच शकत नाही. आठ जणी एकाच वेळी मागे रेलतात आणि एकाच वेळी पाय टाकतात. एखादी एकटीच जोरात ओढायला लागली की दोर हिसके खातो आणि संघ पडतो. आठ जणींचं मिळून वजनही एकत्र मोजतात. आमच्या गटात ते पाचशे किलोच्या आत लागतं. म्हणजे एकीने लाडू खाल्ला की दुसरीने उपाशी राहायचं. गेल्या आठवड्यात सरूबाई भाच्याच्या लग्नाला जाऊन आल्या. त्या निघोज्याच्याच. त्यांची जमीन कंपनीत गेली, म्हणून घरातल्या एकीला कायम नोकरी मिळाली. स्टोअरमध्ये आहेत. वजनकाट्यावरून उतरल्या आणि कस्तुराकडे वळून म्हणाल्या, "माझ्या वाटचं तू कमी कर गं. लग्नघरात जिलेबीला न्हाई म्हनता येतं व्हय?" कस्तुराने दोन दिवस ताकावर काढले. याला तुमच्याकडे स्ट्रगल म्हणतात की नाही मला माहीत नाही. आमच्याकडे याला संघ म्हणतात.

जिल्ह्याची स्पर्धा आम्ही जिंकलो. त्याची बातमी तुला मिळालेली नाही, कारण ती आलेलीच नाही. निवडणुकीची आचारसंहिता होती, त्यामुळे उद्घाटनाला कोणी पुढारी नव्हता, आणि पुढारी नव्हता म्हणून वार्ताहरही नव्हता. मी बबनरावांना फोन केला. इथल्या एका पेपराचं तालुक्याचं काम तेच बघतात.

"ताई, पाहुणे कोण होते?"

"कोणी नव्हतं."

"मग बातमी कशाची करू?"

"सामन्याची करा."

ते इतके मनापासून हसले की मला त्यांचा रागही धड येईना. "ताई, तुम्ही पण ना. अहो, बायका दोर ओढतात ते हळदी-कुंकवाला. त्याचं काय छापायचं?"

मी त्यांना सांगितलं की हा खेळ ऑलिंपिकमध्ये होता. एकोणीसशे वीसपर्यंत होता. ते म्हणाले, "काढला ना पण?"

त्यांचंही ऐकून घेते. त्यांना पगार नाही, जाहिरातींवर कमिशन आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा ज्याच्या, बातमी त्याची. ऑगस्टमध्ये तालुक्याची स्पर्धा जिंकलो तेव्हा मात्र फोटो आला होता. त्यात तीन मान्यवर आमचा दोर हातात धरून हसतायत. खाली त्या तिघांची नावं, पदांसकट. मुली मागे उभ्या होत्या, त्यांच्या वेण्या दिसतात. त्याच पानावर मारुंजीतल्या एका सोसायटीच्या धावण्याच्या शर्यतीला अर्धं पान. कोण कितवं आलं, कोण कोणत्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, कोणी नवऱ्याबरोबर हात धरून शर्यत पूर्ण केली. सकाळी पाच किलोमीटर पळून इडली खाल्ली तर खेळाडू, आणि आठ तास लाइनवर उभं राहून नंतर दोर ओढला तर करमणूक.

तुझे बाबा कामगार स्पर्धेत दोर ओढायचे, तेव्हा तू दुसरीत होतीस. त्यांचा संघ जिंकला आणि दुसऱ्या दिवशी तू पेपर जमिनीवर पसरून एकेक पान बोट फिरवत बघितलंस. मी म्हटलं, उद्या येईल. तू उद्याही बघितलंस.

हे स्टोरीसाठी लिहिलं नाही. सहज आठवलं.

आई


चिंचवड, १५ डिसेंबर २०२४

तेजल,

तू स्वतः येतेस हे वाचलं. चांगलं झालं. बाईमाणूस आलं की मुली मोकळेपणी बोलतील. पत्ताही पाठवलास, म्हणून हे पत्र घरी येतंय. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे का ते लिहिलं नाहीस.

स्पर्धा पंचवीस आणि सव्वीस जानेवारीला. तू तेवीसला रात्रीच्या विमानाने येतेस, हे मुलींना सांगितलं. मीही तसंच धरलं आहे.

तुझ्या खोलीत सरावाचे बूट, दोराचे वेटोळे आणि वजनकाटा ठेवला होता. सगळं गॅलरीत काढलं. भिंतीला रंग लावून घेतला. तसाही लावायचाच होता. सुमनमावशी सांगत होती की तू हल्ली दूध घेत नाहीस, कसलं तरी बदामाचं दूध पितेस. वाल्हेकरवाडीच्या दुकानात मिळत नाही. आकुर्डीत मिळतं. आणून ठेवलंय, पण खोक्यावरची मुदत फेब्रुवारीपर्यंतच आहे, तेव्हा एका खोक्यावर थांबले.

मुलींनी प्रश्न विचारून मला भंडावलं. तेजलताईंना मराठीत उत्तर दिलं तर चालतं का? लिपस्टिक लावायची का? मी म्हटलं, दोर दातांनी ओढणार आहात का? सरूबाई म्हणाल्या, "आमचं हे इचारत व्हते, टीव्हीत मान्सं जाडी दिसत्यात म्हनं. मी म्हनलं, मी हाय तशीच जाडी दिसनार, तुमी बघा न्हाईतर डोळे झाका."

कस्तुरा मात्र सगळ्या गेल्यावर थांबली. "बाई, तुमच्या ताई बोलणाऱ्या माणसाचं नाव खाली पट्टीत दाखवतेत का?"

"दाखवतात."

"पूर्ण नाव? गावाचं बी?"

"सांगेन मी तिला."

तिच्या वडिलांना वाटतं की ती इथे पोरांबरोबर हिंडते आणि खेळाचं खोटं सांगते. त्यांना एकदा टीव्हीवर दिसायला हवं, एवढंच तिला पाहिजे. तेव्हा तू तेवढं कर. पूर्ण नाव, गाव, जिल्हा.

संध्याकाळी थंडी पडते. शाल मी आणते, तू स्वेटरच्या भानगडीत पडू नकोस.

आई


चिंचवड, ३ जानेवारी २०२५

तेजल,

एक सहज विचारते. विमानाचं तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळतात का, की बुडतात? ऑफिसने काढलंय की तू?

तसं काही झालेलं नाही. सराव चालू आहे. कंपनीच्या मागे भंगार ठेवतात, त्याच्या शेजारच्या पट्ट्यात आम्ही ओढतो. मुलींचे तळहात उलले आहेत, रात्री खोबरेल लावून मोजे घालून झोपतात.

तुझ्या खोलीची खिडकी आता नीट लागते. सुतार आला होता.

बाकी पुढे लिहिते.

आई


चिंचवड, १२ जानेवारी २०२५

तेजल,

मागच्या पत्रात मी लपवाछपवी केली. ते मला जमत नाही, तुला कळलंच असेल. आता सरळ लिहिते. हे तुझ्यासाठी आहे, चॅनेलसाठी नाही.

डिसेंबर संपता संपता शेखरने मला, कस्तुराला आणि वर्षालीला त्याच्या केबिनमध्ये बोलावलं. वर्षाली पुनावळ्याची, कंपनीत कायम आहे, मालाची तपासणी करते. तीही आधी संघात होती. गुडघा दुखावला तेव्हापासून बाकावर बसते, पाणी आणि टॉवेल बघते.

"बाई, नियम आलेत," शेखर म्हणाला. "संघात कंपनीच्या पटावरचेच लोक पाहिजेत. तुमच्या आठातल्या पाच जणी कंत्राटी आहेत. कागदोपत्री त्या आमच्या कोणी नाहीत."

"मार्चपासून तुझ्या कंपनीचं नाव छातीवर घालून ओढतायत, तेव्हा कोणाच्या होत्या?"

"तालुक्याला, जिल्ह्याला कोण बघतं, बाई? ही राज्याची आहे. पण उपाय आहे. पटावरच्या पाच बायकांची नावं टाकतो. ओढायला ह्याच. ही कस्तुरा, वर्षाली म्हणून उतरेल."

"आणि ओळखपत्र?"

"ते माझ्यावर सोडा."

"शेखर, तू अजून रेषेवर पाय देतोस."

तो हसला. वाईट मुलगा नाही तो. वरून त्याला सांगितलंय, ट्रॉफी पाहिजे. मग त्याने जे म्हटलं ते मी तुला शब्दाला शब्द सांगते, कारण तेव्हापासून ते माझ्या डोक्यात आहे.

"बाई, राग मानू नका, पण नावं छापून येतात कुठं? दोन स्पर्धा जिंकलात. आठातल्या एकीचं तरी नाव पेपरात आलं? जे नाव कुणाला माहीतच नाही ते बदललं काय न् न बदललं काय."

मी म्हटलं, "माझी मुलगी येणार आहे."

"मग तर छानच. पट्टीत यादीतली नावं द्यायला सांगा त्यांना."

तिथल्या तिथे उठून यायला हवं होतं. शाळेत असते तर त्याला वर्गाबाहेर उभा केला असता. मी म्हटलं, विचार करून सांगते. तेजल, तेव्हा माझ्यासमोर संघ नव्हता. तुझ्या खोलीतला पलंग होता. संघ उतरला नाही तर तू कशाला येशील, एवढंच मला दिसत होतं.

कस्तुरा तर लगेच तयार झाली. "खेळू द्या, बाई. नाव वर्षालीताईचं असलं तरी हात तर माझेच हायत." तिच्या आवाजात काही नव्हतं, पण पट्टीबद्दल तिने परत विचारलं नाही.

मी हो म्हणून कळवून टाकलं.

आता खेळातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ओढताना मुलींनी बोलायचं नसतं. बोलते ती एकटी मी. समोरच्या संघावर नजर ठेवून मी दोराच्या कडेने चालते आणि एकेकीला नावाने हाक मारते. तू वाक, तू पाय बदल, तू धर. मुलींची मान खाली असते, त्यांना काही दिसत नाही. त्या माझ्या हाकेवर ओढतात. आणि पंच असतो हाताच्या अंतरावर. म्हणजे मैदानात मला यादीतल्याच नावांनी हाका मारायला लागणार. त्याचा सराव हवा.

परवा माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच विभागातल्या पुरुषांशी ओढायला घेतलं. त्यांना आम्ही एरवी दोन मिनिटं तरी थोपवतो, मधून मधून हरवतोसुद्धा. दोर ताणला गेला. ते जोर लावायला लागले. मी ओरडले, "वर्षाली, खाली!"

कस्तुरा हलली नाही. आणि बाकावर बसलेली खरी वर्षाली हातातली बाटली टाकून ताडकन उठली आणि तिथेच कंबरेत वाकली.

पुरुष इतके हसले की त्यांच्या हातातला दोर सुटायला आला. "बाई, आज नववी कुठून आणली?" आमच्याही मुली हसल्या, कस्तुराही हसली. परत घेतलं. परत तेच. मी हाक मारायची, मुलींच्या डोक्यात ती उलगडायची, तेवढ्यात दोर गेलेला असायचा. तिसऱ्या वेळी कस्तुराने दोर खांद्यावरून काढला आणि खाली ठेवला. आजपर्यंत तिने दोर असा ठेवला नव्हता.

"मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "मी जीव खाऊन वढायले अन् तुम्ही दुसरीलाच हाका मारायलाव. आम्ही म्हशीलाबी तिच्याच नावानं बोलावतो, बाई."

कोणी हसलं नाही. पुरुषही नाहीत.

वर्षाली म्हणाली, "बाई, मला तर आधीपासून कसंतरी होतंय. टीव्हीवर माझं नाव बघून सोसायटीतले पेढे मागायला येतील. मी काय सांगू, बाटल्या भरत होते?"

सरूबाईंचं नाव पटावर आहे, त्यांना काहीच बदलायचं नव्हतं. त्यांनी बुटाच्या नाड्या सोडल्या. "मंग जायाचंच कशाला? आमी न्हाई जात. ह्या पोरी न्हाईत तर मी एकली काय दोर गळ्यात घालू?"

आठही जणी माझ्याकडे बघत होत्या. मी त्याच दिवशी शेखरला कळवलं, संघ मागे घ्या.

"बाई, हातातली ट्रॉफी घालवलीत तुम्ही," तो म्हणाला. "वर काय सांगू?"

"सांग, बाईंनी फाउल दिला."

दुसऱ्या दिवशी मागच्या पट्ट्याच्या फाटकाला कुलूप होतं.

तर असं आहे. बघण्यासारखा सामना उरलेला नाही. तू येऊ नकोस. ऑफिसला सांगून टाक, म्हणजे तुझी अडचण नको. रंग लावलाच होता, तो काही वाया जात नाही.

आई


चिंचवड, १९ जानेवारी २०२५

तेजल,

परवा फोन वाजला आणि त्यावर तुझं नाव आलं. मी भाजी निवडत होते. हात पुसायलासुद्धा थांबले नाही. आणि तू "आई" म्हणायच्या आधी "ऑन रेकॉर्ड बोलशील का?" म्हणालीस.

तुझी बाजू मला समजते. पत्र वाचून तुला खरी बातमी दिसली. तू म्हणालीस, आधीची स्टोरी गोड होती, ही मोठी आहे. कंपनी नावं बदलून खेळाडू उतरवते, कंत्राटी मुलींना राबवून घेते, ट्रॉफी स्वतः ठेवते. संपादक लगेच तयार झाले. प्राइम टाइम. चेहरे झाकू, आवाज बदलू. चाळीस वर्षांत कामगारांच्या खेळाला कधी दिलं नाही तेवढा वेळ एका रात्रीत द्यायला तुम्ही तयार झालात. आम्ही जिंकलो तेव्हा जागा नव्हती.

हे तुला टोचायला लिहीत नाही. तू या वेळी मनापासून धावलीस. तुझा आवाज चढला होता, तुझ्या बाबांचा चढायचा तसा.

मी लगेच नाही म्हटलं नाही, कारण उत्तर द्यायचा हक्क माझा नव्हता. मी मुलींना विचारलं. आता सराव निघोज्याला सरूबाईंच्या दिरांच्या पडीक तुकड्यात होतो. तीन बाजूंना कंपन्यांच्या भिंती आणि मधे हा तुकडा, हरभराही न पेरलेला. ट्रॉफी नाही, स्पर्धा नाही, तरी मुली येतात. मी कारण विचारलेलं नाही.

कस्तुराने सगळं ऐकून घेतलं. "चेहरा झाकणार म्हणजे माझ्या बापाला मी दिसणार न्हाई?"

"नाही."

"नाव?"

"नाव बदलतील."

"मंग वर्षालीताईच काय वाईट व्हती?" ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मग ती म्हणाली, "बाई, झाकला तरी शेखर सायबाला माहीत हाय ना कोण ते. सकाळी गेटवरनं माघारी लावतेत. मला इथून जायचं न्हाई. गावी गेले की लगीन. दोर कुठं वढू?"

म्हणून त्याच संध्याकाळी मी तुला फोन करून कळवलं की नाही. कोणीही बोलणार नाही, मीही नाही. आणि माझी पत्रं वापरायची नाहीत. ती मी माझ्या मुलीला लिहिली आहेत.

तू बाहेर कुठेतरी होतीस. मागे ट्रॅफिकचा आवाज येत होता. मग विचारलंस, "मग मी येऊन काय करू?" आणि फोन ठेवलास. चिडून विचारलंस की खरंच विचारलंस, ते मला कळलं नाही. फोनवर मला काही सुचत नाही, हे तुला माहीत आहे. दोन दिवस विचार करून लिहिते.

नोव्हेंबरपासून मी तुला जी पत्रं लिहिली त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. बबनराव खरे, मारुंजीचं अर्धं पान खरं. पण स्पर्धा नसती तरी मी काहीतरी शोधून काढलं असतं. गेल्या वर्षी मी एक पत्र लिहायला घेतलं होतं, आपल्या गल्लीतल्या पाण्याच्या लाइनविषयी. त्यात तुला काय रस असणार, म्हणून ठेवून दिलं. तू बातमीदार आहेस, बातमी असली तर येशील, असा माझा हिशेब होता. सामन्याची बातमी मी हातची घालवली. लफड्याची तुला देत नाही. आता माझ्याकडे काहीच नाही.

तर तू विचारलंस, येऊन काय करू.

काही करू नकोस. दुपारपर्यंत झोप. मी उठवणार नाही, सात वाजता पंखा बंद करणार नाही. बदामाचं दूध आहे. रविवारी मी निघोज्याला जाईन, वाटलं तर चल, नाहीतर घरी राहा. आलीस तर कॅमेरा आणू नकोस, वहीही नको. बांधावर बसून बघ. मी मुलींना त्यांच्या नावाने हाका मारते ते ऐक. एखादी दमली आणि दोराला माणूस कमी पडलं, तर तुला उठवीन. तुझे पाय माझ्यासारखे आहेत, मातीत बसतील.

तेवीसचं तिकीट तू रद्द केलं असशील तर दुसरं काढ. पैसे मी देते. बातमी नाही, तेजल. तू ये.

आई